टिपण, आकारबंद, फेरफार: जमिनीचे जुने कागद आणि आपली मालकी (नाशिक)

रानवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेले आठ महिने मी आमच्या शेताच्या जुन्या कागदांच्या मागे आहे. त्यात जे कळलं ते इथे मांडते आणि जिथे अडले ते विचारते.

गाव नाशिकपासून तासाभरावर, द्राक्ष-टोमॅटोचा पट्टा. आमच्या सातबाऱ्यावर क्षेत्र २ हेक्टर ५३ आर, म्हणजे आजोबांच्या भाषेत सव्वासहा एकर. प्रत्यक्षात औत फिरतं पाच एकरांत. उरलेलं सव्वा एकर गेलं कुठे, या एका प्रश्नावरून आमचं आणि बांधाला बांध असलेल्या चुलत घराचं बोलणं बंद आहे. "त्यांनी बांध कोरला" हे मी कळायला लागल्यापासून ऐकते. आजीच्या दहाव्यालाही त्या घरातून कोणी आलं नाही. तेव्हा मी नववीत होते आणि मला ते फार लागलं होतं.

वडील गेल्यावर वारसनोंद करताना मी फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, मागे मागे काढत गेले. हाती लागलेला सगळ्यात जुना फेरफार मोडीत होता. नाशिकात मोडी वाचणारे एक आजोबा भेटले, त्यांनी दोन दुपारी बसून वाचून दिला. पणजोबांच्या नावापुढे "ए.कु.मॅ." असं होतं. एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन होती तीन भावांची, नाव लागलं थोरल्याचं. मधल्या भावाचं नाव पुढे वाटणीत हिस्सा २ वर आलं, तेच आमचं चुलत घर. धाकटा तरुणपणीच गेला. त्याच्या बायकोचं नाव मला एकाच ठिकाणी सापडलं, इतर हक्कांच्या रकान्यात: "अन्नवस्त्राचा हक्क". बस्स. घरात तिला नुसतं "धाकटी आत्या" म्हणायचे. तिचं खरं नाव मला त्या ओळीने सांगितलं.

मग मी वाचायला लागले की ही नावं लिहायची पद्धत आली कुठून. थोडक्यात सांगते, जाणकारांनी दुरुस्त करावं. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी दख्खनेत सारा बसवण्यासाठी आधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याकडून मोजणी केली. प्रत्येक शेताचं निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा, अशी कल्पना होती. कागदावर छान आणि रानात अशक्य. खालच्या नोकरांनी आकडे हवे तसे भरले, सारा न झेपून लोक जमिनी टाकून गेले. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून नव्याने सुरुवात केली. ती पद्धत पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात नियम म्हणून घट्ट झाली. आपल्या भागात, चांदवड, दिंडोरी, सिन्नर, नाशिक इथे, १८४० च्या दशकात मोजणी झाली. तेव्हा नाशिक जिल्हाच नव्हता. आपले हे तालुके नगर जिल्ह्यात होते, मालेगाव-बागलाण खानदेशात. नाशिक जिल्हा झाला १८६९ ला.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही मोजणी "जमीन कोणाची" हे शोधायला झालीच नव्हती. "सारा कोण भरणार" हे नक्की करायला झाली होती. प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबराला आकार (साऱ्याची रक्कम), आणि प्रत्येक आकारापुढे भरणाऱ्याचं एक नाव. त्याआधी गावात मिरासदार (वंशपरंपरेच्या हक्काने कसणारे) होते, उपरी (तसा हक्क नसलेले, बाहेरून आलेले) होते, थळं (घराण्यांच्या जुन्या जमिनी) होती, भाऊबंदकीची वहिवाट होती, विधवेचा वाटा होता, बलुत्याचा वाटा होता. कोणाचा कशावर किती हक्क हे गावाला तोंडपाठ असायचं. त्यातलं जे नंबर आणि नावात बसलं ते टिकलं, बाकीचं विरलं. आज आपण कोर्टात भांडतो ते त्या साऱ्याच्या वहीवरून.

आता प्रश्न. १) सव्वा एकर शोधायला कोणता कागद मागू? २) सातबाऱ्यावर गट नंबर आहे, जुना सर्व्हे नंबर वेगळा आहे, तो जोडायचा कसा?

---

शंकूसाखळी

ताई, भूमी अभिलेखात भूकरमापक म्हणून माझी ३१ वर्षं गेली. निवृत्त आहे, वेळ आहे, सविस्तर लिहितो.

दुसरा प्रश्न आधी. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव योजना झाली आणि सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. जुने आणि नवे नंबर जोडणारा कागद म्हणजे एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) चा उतारा. तो मागा. त्यात तुमचा गट कोणत्या सर्व्हे नंबरच्या कोणत्या हिश्श्यावरून पडला ते सरळ दिसेल. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींची मुळं याच टप्प्यात असायची.

आता पहिला. सातबाऱ्यावरून मोजणी होत नसते. सातबारा हा तलाठ्याकडचा कागद आहे, १९३० च्या सुमारास कडईपत्रक जाऊन तो आला. क्षेत्राचा मूळ पुरावा आमच्याकडे असतो: मूळ मोजणीचं टिपण, गुणाकार बुक, फाळणी किंवा हिस्सा फॉर्म (पोटहिश्श्यांची मोजणी), आणि आकारबंद (प्रत्येक नंबराचं क्षेत्र आणि आकार यांची नोंदवही). हे चारही मागा.

टिपण हातात आलं की घाबरू नका. ते नकाशासारखं प्रमाणात काढलेलं नसतं. मधून एक लांब रेघ, तिच्यावर डावी-उजवीकडे लंब आणि जागोजाग आकडे. त्या वेळची साखळी ३३ फुटी. तिचे १६ भाग, प्रत्येक भाग म्हणजे एक आणा, सुमारे दोन फूट. शंकू म्हणजे काटकोन धरायचं लाकडी साधन, ते रोवायचं आणि त्याच्या खाचेतून कोपऱ्याचा दगड बघायचा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे १ गुंठा, १०८९ चौरस फूट. म्हणून हिशेब सोपा होतो. समजा मधली रेघ २० साखळी आणि लंब ५ साखळी ८ आणे. २० गुणिले साडेपाच, भागिले दोन. ५५ गुंठे, म्हणजे १ एकर १५ गुंठे. असे त्रिकोण जोडत गेलं की सर्व्हे नंबरचं क्षेत्र येतं, आणि हीच बेरीज गुणाकार बुकात केलेली असते. चौथी शिकलेल्या माणसालाही ती तपासता येते. पावणेदोनशे वर्षांपूर्वी उन्हात उभं राहून घेतलेली ही मापं आजच्या रोव्हरच्या (उपग्रहाच्या मदतीने मोजणाऱ्या यंत्राच्या) मापाला किती जवळ येतात हे पाहिलं की त्या माणसांपुढे हात जुळतात. त्यांची नावं कुठे नाहीत.

प्रतबंदी, म्हणजे जमिनीची प्रत ठरवणं, वेगळी. तिथे मोजणारा नाही, क्लासर जायचा. शेताचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात खणून माती किती खोल आहे ते हाताने मोजायचं. काळी, पावणेदोन हात खोल, खोट नसलेली जमीन म्हणजे १६ आणे. खोली कमी होईल तसे आणे उतरायचे. रंग उतरला, चोपण निघाली, वाळसर निघाली, उतरवट असली की आणखी खाली. आपल्याकडे "सोळा आणे जमीन" म्हणतात ते नुसतं बोलणं नाही, क्लासर रजिस्टरात आजही ते आकडे आहेत.

पहिली गोष्ट म्हणून पोटखराबा, म्हणजे नंबरात असूनही लागवडीत न धरलेली जमीन, तपासा. बहुतेक हरवलेल्या जमिनी तिथे सापडतात.

---

पंचवटीकर

फार मोलाची माहिती. आमचं जुनं घर पंचवटीत आहे, तिथे सातबारा नाहीच, सिटी सर्व्हे नंबर आणि मिळकत पत्रिका आहे. हेच कागद तिथेही मिळतात का?

---

शंकूसाखळी

गावठाण आणि शहर हद्दीत नगर भूमापन झालं असेल तर मिळकत पत्रिका हाच अधिकार अभिलेख. तिथे टिपणाऐवजी नगर भूमापनाचा नकाशा आणि चौकशी नोंदवही मागा. मूळ चौकशीच्या वेळी कोणाचा कब्जा होता आणि कोणत्या आधारावर नाव लावलं, ते त्या वहीत असतं.

---

डोंगरपाडा

सुरगाण्याकडचा शिक्षक आहे. तुमच्याकडे निदान भांडायला टिपण आहे. आमच्या पाड्यांवर कित्येक घरांना सातबाराच नव्हता. सुरगाणा स्वातंत्र्यापर्यंत संस्थान. पलीकडे पेठही १८७८ पर्यंत संस्थानच होतं. देशावर शेत न् शेत साखळीने मोजलं गेलं, इकडे डोंगरउतारावर नागली-वरईची फिरती शेती. आज हा उतार, तीन वर्षांनी तो. अशा शेताला नंबर कुठला द्यायचा? ज्याला नंबर नाही ते पडीक, जे पडीक ते सरकारचं, आणि १८७८ च्या वन कायद्यानंतर त्यातलं बरंच जंगल खात्याकडे गेलं. माझे आजोबा कोकणा आदिवासी. ज्या वरकस रानात त्यांच्या आजोबांनी नागली लावली, त्याच रानात ते "अतिक्रमणदार" ठरले.

एक गोष्ट लिहितो. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा मागितला. पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईने कोनाड्यातून पत्र्याचा डबा काढला. आत जंगल खात्याने तिच्या नवऱ्याला केलेल्या दंडाच्या पावत्या होत्या. अतिक्रमणाबद्दल दंड, तारीख, रक्कम. नवऱ्याने त्या फेकल्या नव्हत्या. दंड भरल्याचा तोच कागद जमीन कसत असल्याचा पुरावा झाला. दावा लिहून देताना माझे डोळे भरून आले होते.

६ मार्च २०१८ ला नाशिकहून मुंबईला पायी निघालेल्या मोर्चात आमच्या पाड्यातली चाळीसेक माणसं होती. पायाचे फोड घेऊन १२ तारखेला आझाद मैदानावर पोचली. त्यांची मागणी याच कागदाची होती. पट्टे, म्हणजे वनहक्काचे कागद, काहींना मिळाले. पण कसतात दोन एकर आणि पट्ट्यावर काही गुंठे, असंही झालं आहे. आणि पट्टा मिळाला तरी मोजून हद्द दाखवलेली नाही, असे बरेच आहेत. शंकूसाखळी काका, आमच्याकडेही कोणीतरी साखळी घेऊन यायला हवं होतं, असं वाटतं. आणि त्याच वेळी असंही वाटतं की येणाऱ्याने आधी आमच्या म्हाताऱ्यांना विचारायला हवं होतं.

---

चांदवडची_लेक

रानवाट ताई, "अन्नवस्त्राचा हक्क" वाचून थांबले. माझ्या आजीच्या नावापुढेही तेच. आयुष्यभर निंदणी-खुरपणी तिने केली, कांद्याच्या वाफ्याला रात्री पाणी तिने दिलं, आणि कागदावर तिचा हक्क खाण्या-नेसण्यापुरता.

१९८६ च्या नोव्हेंबरात आमच्या चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं, शरद जोशींच्या संघटनेचं. आई तेव्हा लग्न होऊन नुकतीच आलेली, शेजारणींबरोबर गेली होती. अजूनही सांगते, इतक्या बाया एका जागी तिने कधी पाहिल्या नव्हत्या. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीचा विषय गावात आला, बायकोच्या नावावर नवऱ्याने आपखुशीने जमीन करायची. आमच्या आळीत तिघांनी केली, त्यात माझे वडील. सातबाऱ्यावर आईचं नाव लागलं तो उतारा तिने देवघरात ठेवला होता. मला त्याचं तेव्हा नवल वाटायचं, आता वाटत नाही.

---

निळी_पहाट

वतनाचा विषय आल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

आमची जमीन इनामाच्या ६ब वर्गातली, महार वतन. गावकामाच्या बदल्यात दिलेली. मोजणीत तिलाही नंबर पडला, पण नाव वतनदार म्हणून समाईक. काम संपूर्ण गावाचं आणि सरकारचं, हाक येईल तेव्हा धावायचं, आणि जमीन एवढीशी, वाटेकरी चाळीस. ती सोडली तर पोट नाही, धरली तर पायात बेडी. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायदा बदलण्याचं विधेयक आणलं ते यासाठीच. ही बेडी कायद्याने सुटली ती १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन कायद्याने, १ ऑगस्ट १९५९ पासून. आकाराच्या पटीत रक्कम भरून जमिनी फेरदान झाल्या, म्हणजे वतनदारांना परत दिल्या गेल्या, पण नव्या शर्तीवर. म्हणजे वर्ग २, विकायची तर परवानगी हवी.

आमच्या आजोबांना ती रक्कम मुदतीत भरायची असते हे कोणी सांगितलंच नाही. दुसऱ्याने कसायला म्हणून घेतलेला नंबर पुढे परत आला नाही. दादासाहेब गायकवाड आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह त्यांनी केले. आमच्या घरात त्यांचा फोटो आहे तो त्यामुळे.

माझी विनंती: वतनाची जमीन असेल तर सातबारा बघून थांबू नका. फेरदानाचा आदेश, रक्कम भरल्याचं चलन आणि त्यावरचा फेरफार, तिन्ही काढा. तीन कागदांत एक जरी नसेल तर आज ना उद्या अडतं.

---

मोसमकाठ

बागलाणात आणखी एक गंमत बघायला मिळते. मोसम नदीवर जुने बंधारे आणि त्यावर फड. पाटाच्या पाण्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाटकरी पाणी देणार, वरच्याने खालच्याचं पाणी तोडायचं नाही. सातबाऱ्यावर जमीन दिसते, पाण्याची पाळी दिसत नाही. ती आजही माणसांच्या तोंडी आहे. कागदाबाहेर टिकलेला हक्क बघायचा तर इकडे या.

---

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. डोंगरपाडा सर, तुमची पावत्यांची गोष्ट मी आईला वाचून दाखवली. निळी_पहाट, तुमचं लिहिणं वाचून मी आमच्या गावातल्या वतनाच्या नंबरांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

विक्रीबद्दल एक राहिलं होतं. सर्व्हेने उपऱ्यालाही सारा भरेपर्यंत जमीन धरायचा, वारसाला द्यायचा, विकायचा हक्क दिला. अनेक कुळांना हे वरदान वाटलं असणार. पण विकता येते ती जमीन गहाणही टाकता येते. सावकाराला तारण मिळालं. भाव पडल्यावर १८७५ ला पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरात शिरून सगळ्यात आधी कर्जाची खतं आणि रोखे जाळले ते उगीच नाही. जमीन जिथे गेली होती तो कागद त्यांनी बरोबर ओळखला होता. १८७९ चा शेतकरी मदत कायदा त्यातून आला. १९०१ पासून काही जमिनी न विकण्याच्या शर्तीवर देऊ लागले. आजची "नवीन शर्त" तिथून चालत आली आहे.

माझी प्रगती: ९(३), ९(४) मिळाला. आमचा गट जुन्या सर्व्हे नंबरच्या हिस्सा १ वरूनच पडला आहे. टिपण आणि आकारबंदाला अर्ज केलाय. नाशिक जिल्ह्याचे बरेच जुने कागद सरकारच्या "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत, तिथेही शोधते आहे.

---

रानवाट (तीन आठवड्यांनी)

सापडलं.

सर्व्हे नंबरचं एकूण क्षेत्र १२ एकर २० गुंठे. त्यात पोटखराबा १ एकर १० गुंठे. टिपणात आडवी गेलेली वळणावळणाची दुहेरी रेघ, तीच आमचा नाला. आणि तो सगळा आमच्या हिश्श्यात आहे. हिस्सा १: लागवडीची ५ एकर, खराबा सव्वा एकर. हिस्सा २: पूर्ण सव्वासहा एकर लागवडीची. फाळणीत स्पष्ट लिहिलंय. पुढे कधीतरी सातबारा पुन्हा लिहिताना आमच्या उताऱ्यावरचा पोटखराबा सुटला आणि सगळं २ हेक्टर ५३ आर लागवडीखाली दाखवलं गेलं. आकारबंदात मात्र २.०२ आणि ०.५१ असं वेगळं आहे.

म्हणजे बांध कोणीच कोरला नव्हता. नाला आम्ही रोज ओलांडत होतो.

शंकूसाखळी काकांच्या सांगण्यावरून हद्दकायम मोजणीही करून घेतली. मधल्या बांधाचा वरचा दगड जागेवर आहे, खालचा नाही. माप लावलं तर बांध टिपणापेक्षा दीड फूट सरकलेला निघाला. आमच्याकडून त्यांच्यात.

त्या संध्याकाळी मी टिपण, फाळणी आणि आकारबंदाच्या नकला घेऊन चुलत काकांकडे गेले. त्यांचं वय ८१. ओट्यावर कंदिलासारखा एक बल्ब होता, त्याखाली त्यांनी कागद मांडीवर घेतले. नाल्याच्या रेघेवरून बोट फिरवत वरपर्यंत नेलं आणि म्हणाले, "इथं आंबा होता. तुझ्या पणज्यानं लावलेला. पुरात गेला." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मी म्हणाले, काका, दीड फूट आमच्याकडून चुकलंय, मागे घेते. ते म्हणाले, बाई, आधी धाकटीचं नाव कुठं लिहिलंय ते दाखव. त्यांना ती आठवत होती. तिने त्यांना अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

क्षेत्र दुरुस्तीसाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज देते आहे. सोबत काकांचा जबाब आहे.

शंकूसाखळी काका, एकच विचारते. नाल्याच्या काठचे आठ-दहा गुंठे वडिलांनी गाळ टाकून सपाट केलेत, तिथे आता मका असतो. नियमांतल्या २०१८ च्या बदलानंतर असा पोटखराबा लागवडीत घेता येतो म्हणतात. आमचा येईल?

---

शंकूसाखळी

ताई, वाचून फार बरं वाटलं.

पोटखराबा दोन प्रकारचा. वर्ग अ म्हणजे खडक, नाळी, खाण वगैरेंमुळे लागवडीला अयोग्य ठरलेला, तो शेतकऱ्याने लागवडीखाली आणला तर २०१८ च्या बदलाने आकार बसवून सातबाऱ्यावर लागवडीत घेता येतो. वर्ग ब म्हणजे रस्ता, पायवाट, किंवा इतर लोक ज्याचं पाणी वापरतात असा ओढा-नाला. तो घेता येत नाही. तुमच्या नाल्याचं पाणी खालचे वापरत असतील तर प्रवाहाचा भाग ब मध्ये राहील. काठचे सपाट केलेले गुंठे अ मध्ये दाखवले असतील तरच अर्ज चालेल. आकारबंदात ०.५१ ची फोड अ किती आणि ब किती अशी आहे का, ते पाहून इथे टाका. आणि दीड फुटाचं कायम करायला खालचा दगड नव्याने बसवून घ्या, दोन्ही घरं उभी असताना.